मुलांना आदिवासींच्या जमिनीविषयीही सांगा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास मराठी वृत्तपत्रांच्या विद्यार्थी पानांवर आदिवासींविषयी काही ना काही मजकूर आवर्जून येतो. तारपा वाजवणारा वारली, गोंदलेले हात, मोहाच्या फुलांची टोपली, वारली चित्र काढण्याच्या पायऱ्या आणि शेवटी 'निसर्गाची पूजा करणारे आपले बांधव' असे एखादे वाक्य, एवढ्यावर तो बहुधा संपतो. मुले चित्र कापून वहीत चिकटवतात आणि प्रकल्पाचे गुण पदरात पडतात. या मजकुराविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यातून जे गळते त्याविषयी. जगभरातील आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या ज्या एका गोष्टीसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढत आहेत, मोर्चे काढत आहेत आणि प्रसंगी तुरुंगातही जात आहेत, ती गोष्ट म्हणजे त्यांची जमीन. आणि मुलांसाठीच्या पानांवर तिचा उल्लेख अपवादानेच सापडतो.

हा विषय मुलांना झेपणार नाही, असे कोणी म्हणेल तर निदान कोल्हापूर जिल्ह्यात तरी ते पटण्यासारखे नाही. माझी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली. आपल्याकडच्या आठवीतल्या मुलाला अक्षांश-रेखांश समजावून द्यावे लागतात, सातबारा समजावून द्यावा लागत नाही. बांध कोरल्यावरून भावकीत झालेली वादावादी, मोजणीची तारीख, वारसनोंद अडली म्हणून तलाठ्याकडे घातलेले हेलपाटे हे सारे त्याने घरात ऐकलेले असते. आजोबांची जमीन म्हटले की नुसते गुंठे नव्हेत, तर तिथली विहीर, बांधावरचा देव आणि राबून गेलेली माणसेही त्यात येतात, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. अशा मुलाला पुढचा प्रश्न सहज विचारता येईल. समजा, खापरपणजोबांपासून तुमचे अख्खे गाव जी जमीन कसत आले ती एके दिवशी सरकारी कागदावर दुसऱ्याच्या नावे लागली आणि त्या दिवसापासून आपल्याच शेतात तुम्ही अतिक्रमणदार ठरलात, तर काय कराल?

भारताच्या जंगलपट्ट्यात नेमके हेच घडले. इंग्रज सरकारला रेल्वेच्या रुळांखालच्या लाकडी पट्ट्यांसाठी आणि जहाजांसाठी इमारती लाकूड हवे होते. १८६५ मध्ये पहिला वन कायदा झाला, १८७८ मध्ये तो कडक झाला आणि १९२७ चा भारतीय वन अधिनियम तर अजूनही लागू आहे. जंगल 'राखीव' करण्याची जी रीत या कायद्यात आहे ती मुलांना मुद्दाम सांगावी, कारण तिच्यात तलवार कोठेच नाही. सरकार एक जाहीरनामा काढते. तो आसपासच्या गावांत प्रसिद्ध केला जातो. ज्याचा कोणाचा त्या जागेवर हक्क असेल त्याने किमान तीन महिन्यांच्या मुदतीत येऊन तो मांडावा, असे त्यात लिहिलेले असते. आणि मुदत उलटून गेल्यावर, ज्याने दावा केला नाही त्याचा हक्क बुडतो. कागदावर यात कोणाला खोट दिसणार नाही. पण ज्या पाड्यावर अक्षरओळख असलेला माणूस नाही, जिथे शेताची हद्द ओढा, दगड आणि आंब्याचे झाड यांनी ठरते, आणि कसणाऱ्याजवळ आपल्या नावाचा कागद असावा लागतो हेच मुळी कोणाला ठाऊक नाही, तिथे त्या तीन महिन्यांत कोण कचेरी गाठणार होते? डोंगरउतारावर झुडपे तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी-वरी घेण्याची कुमरीची पद्धतही याच काळात ठिकठिकाणी बंद पाडली गेली. मोहाची फुले वेचणे, गुरे चारणे, मध काढणे या कालपर्यंतच्या रोजच्या गोष्टी गुन्हा ठरल्या आणि त्यांच्या पावत्या फाटू लागल्या.

बिरसा मुंडा हे नाव आता मुलांना माहीत आहे, १५ नोव्हेंबरला शाळेत प्रतिमापूजनही होते. पण ते कशासाठी लढले असे विचारले तर 'इंग्रजांविरुद्ध' एवढ्यावर उत्तर थांबते. मुंडांनी जंगल तोडून सामाईक मालकीने वसवलेली जमीन जमीनदार आणि सावकार गिळत होते, आणि त्याविरुद्धचा तो उठाव होता. १९०० मध्ये रांचीच्या तुरुंगात बिरसांचा मृत्यू झाला तेव्हा त्यांना पंचविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यानंतर आठ वर्षांनी, १९०८ मध्ये, छोटानागपूर कुळकायदा झाला आणि आदिवासींची जमीन बाहेरच्या माणसाच्या घशात जाण्यावर बंधन आले. मूर्तीला हार घालताना या कायद्याचेही नाव घेतले गेले तर मुलांना हाराचे कारण कळेल. फार लांब कशाला, आपल्या शेजारच्या शिराळा तालुक्यातील बिळाशीचा १९३० चा जंगल सत्याग्रहही याच वन कायद्यांविरुद्धचा होता.

परदेशातील एकच कहाणी पानभर छापायची झाली तर ती एडी माबो यांची छापावी, असे मी सुचवीन. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाशी टोरेस सामुद्रधुनीत मेर नावाचे लहानसे बेट आहे. माबो तिथले. पोटापाण्यासाठी ते मुख्य भूमीवर टाउन्सव्हिल शहरात आले आणि तिथल्या विद्यापीठात माळी म्हणून काम करू लागले. तिथल्या दोन इतिहासकारांशी त्यांची ओळख झाली, आणि बोलता बोलता ते एकदा बेटावरच्या आपल्या घरच्या जमिनीविषयी सांगू लागले. ऐकणाऱ्या दोघांपुढे अवघड प्रसंग उभा राहिला, कारण कायद्याने ती जमीन माबोंची नव्हतीच, इंग्लंडच्या राजमुकुटाची होती, आणि हे त्यांना सांगणे भाग होते. माबोंचा त्यावर विश्वास बसेना. आपल्या बापजाद्यांची जमीन दुसऱ्या कोणाची असेल कशी?

ती तशी होती याचे कारण असे की, इंग्रज ऑस्ट्रेलियात उतरले तेव्हा तिथे हजारो वर्षे माणसे राहत असूनही तो सारा मुलूख कायद्याच्या दृष्टीने बिनमालकीचा आहे, असे गृहीत धरून पुढचा सगळा कारभार झाला. कुंपण नाही, नांगरट नाही, खरेदीखत नाही, म्हणजे मालक नाही, असा तो हिशेब होता. माबो आणि त्यांच्या बेटावरील आणखी चौघांनी १९८२ मध्ये दावा दाखल केला. मेर बेटावर कुटुंबागणिक बागा होत्या, त्यांच्या हद्दी ठरलेल्या होत्या, बापाकडून मुलाकडे बाग जाण्याची रीत होती आणि दुसऱ्याच्या बागेत पाऊल टाकू नये असा मालो या दैवताचा दंडक होता. हे सगळे म्हाताऱ्या माणसांनी साक्षीत सांगितले. क्वीन्सलँडच्या सरकारने १९८५ मध्ये एक कायदाच करून या दाव्याच्या पायाखालची जमीन काढून घेण्याचा प्रयत्न केला. तो कायदा १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. अखेर ३ जून १९९२ रोजी त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध एक अशा मतांनी निकाल दिला की, बेटावरच्या लोकांचा हक्क इंग्रज येण्याआधीपासून होता आणि इंग्रज आले म्हणून तो आपोआप संपला नाही. माबो हा निकाल ऐकायला नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते.

या निकालानंतर ऑस्ट्रेलियात जी घबराट उठली तीही मुलांना सांगावी, कारण असा विषय निघाला की आपल्याकडेही पहिली शंका तीच येते: मग आम्ही जायचे कोठे? आता आमच्या घराच्या परसावरही कोणीतरी दावा सांगणार, असे तिथले लोक बोलू लागले. प्रत्यक्षात ज्या जमिनी पूर्वीच खासगी मालकीने दिल्या गेल्या होत्या त्यांवरचा मूळ हक्क संपला आहे, हे त्या निकालातच स्पष्ट होते, आणि १९९३ च्या कायद्याने दावे करण्याची रीतसर पद्धत घालून दिली. कोणाच्या परसाला धक्का लागला नाही. माझ्या मते अडचण उलट बाजूची आहे: ज्यांच्या जमिनी सर्वांत आधी आणि पूर्णपणे गेल्या, त्यांच्याच वाट्याला या निकालातून सर्वांत कमी आले.

जमीन परत मिळणे म्हणजे दर वेळी कुलूप-किल्ली हाती येणे नव्हे, हेही उदाहरणांनीच कळते. भूगोलाच्या पुस्तकांत दिसणारा ऑस्ट्रेलियातील तो तांबडा, एकसंध महाकाय खडक, उलुरू, २६ ऑक्टोबर १९८५ रोजी तिथल्या अनंगू लोकांच्या मालकीचा झाला. पण त्याच वेळी त्यांनी तो राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला आणि उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळात बहुमत आपल्याकडे ठेवले. आमच्या पवित्र खडकावर चढू नका, असे ते पर्यटकांना वर्षानुवर्षे सांगत राहिले, आणि बरोबर ३४ वर्षांनी, २०१९ च्या त्याच तारखेला, चढाई कायमची बंद झाली. अमेरिकेत टाओस प्वेब्लो लोकांचे पवित्र ब्लू लेक सरोवर १९०६ मध्ये सरकारी जंगलात घेतले गेले होते; भरपाईची रक्कम नाकारून ते सरोवरच मागत राहिले आणि १९७० मध्ये सुमारे ४८,००० एकर परिसरासह ते त्यांना परत मिळाले. लाकोटा लोकांना मात्र तसे यश आलेले नाही. १८६८ च्या तहाने अमेरिकी सरकारने ब्लॅक हिल्स हे डोंगर त्यांचेच राहतील असे मान्य केले, १८७४ मध्ये तिथे सोने सापडल्याचा बोभाटा झाला आणि १८७७ मध्ये डोंगर काढून घेतले गेले. हे घेणे बेकायदा होते असे १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आणि व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई कायम केली. लाकोटांनी ती आजतागायत उचललेली नाही. सरकारी खात्यात ती रक्कम वाढत वाढत शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे, आणि लाकोटा वस्त्यांची गणना अमेरिकेतील अत्यंत गरीब वस्त्यांमध्ये होते. चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला माउंट रशमोर याच डोंगरांत आहे. इतके पैसे समोर असताना गरीब माणसे ते का घेत नाहीत, यावर वर्गात तासभर चर्चा होऊ शकते, आणि तिच्यात शिक्षकाने फारसे तोंड घालू नये.

संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ रोजी आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. भारताने बाजूने मत दिले. विरोधात मते देणारे देश चारच होते: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. आदिवासींच्या जमिनींवर उभी राहिलेली ही चार श्रीमंत राष्ट्रे पुढे भूमिका बदलून त्या जाहीरनाम्याला अनुकूल झाली, ही गोष्ट निराळी.

आता आपल्या देशातला कायदा. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६, असे त्याचे लांबलचक नाव असून सर्वजण त्याला वनहक्क कायदा म्हणतात. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी कबुली त्याच्या प्रास्ताविकात आहे. कायद्यात अशी कबुली क्वचितच वाचायला मिळते. या कायद्याने 'जंगल वाटून टाकले' असा एक समज सुशिक्षितांमध्येही आढळतो, तो चुकीचा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी वनजमीन प्रत्यक्ष ताब्यात व कसवणुकीखाली होती तिलाच मान्यता मिळते, तीही जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. ती वारसाने मुलांना जाते, पण विकता येत नाही आणि कोणाच्या नावे करूनही देता येत नाही. पती-पत्नी असतील तर हक्कपत्र दोघांच्या नावाने होते. याखेरीज अख्ख्या गावाला आपल्या परंपरागत जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क मागता येतो, आणि माझ्या दृष्टीने या कायद्याचा गाभा तोच आहे.

दावा सुरू होतो तो मंत्रालयात नव्हे, ग्रामसभेत. ग्रामसभा वनहक्क समिती निवडते, समिती जागेवर जाऊन पाहणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग कागद उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. पुराव्यांत काय चालते ते पाहिले तर मुलांना मेर बेटाची आठवण होईल: जुनी घरे, बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, वंशावळ, जुने नकाशे आणि गॅझेटियर, आणि दावेदार सोडून गावातल्या अन्य वडीलधाऱ्या माणसांचा लेखी नोंदवलेला जबाब. राज्यातील अनेक आदिवासींनी आपल्या दाव्यांना आणखी एक कागद जोडला आहे, तो म्हणजे वनखात्याने पूर्वी अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाच्या पावत्या. पिवळ्या पडलेल्या, घडीवर फाटलेल्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घराच्या आढ्याला टांगून ठेवलेल्या या पावत्यांवर सालही असते आणि ठिकाणही असते. ज्या कागदाने बापाला गुन्हेगार ठरवले, त्याच कागदाच्या आधाराने मुलगा आपण इथे तेव्हापासून आहोत हे सिद्ध करतो.

अर्थात दावा केला म्हणजे हक्कपत्र हाती आले असे होत नाही. लाखो दावे फेटाळले गेले, कित्येकदा कारण न कळवता. फेटाळलेल्या दावेदारांना जमिनीवरून हटवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला आणि देशभर काहूर उठल्यावर त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्याला स्थगिती दिली. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१८ मध्ये, नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी पायी चालत गेले. त्यांत बहुसंख्य आदिवासी होते आणि वनजमिनी नावावर करून द्या ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. दहावीची परीक्षा सुरू असल्याने मुंबईतल्या मुलांची वाट अडू नये म्हणून पायाला फोड आलेले हे लोक शेवटचा टप्पा विश्रांती न घेता मध्यरात्रीनंतर चालले आणि पहाटे आझाद मैदानात पोहोचले. त्या वर्षी परीक्षा दिलेली मुले आज नोकरीधंद्याला लागली असतील. ती रात्र त्यांच्यासाठीही कोणीतरी चालून काढली होती.

हक्कपत्र मिळाल्यावरही काय होते, हे गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने दाखवून दिले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा, आणि सगळ्यांचे एकमत होईपर्यंत चर्चा चालू ठेवायची ही तिथल्या ग्रामसभेची रीत. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळालेल्या देशातील अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. तरीही गावाला आपल्याच जंगलातला बांबू तोडून विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती होता आणि खाते बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा इतर माल, मानायला तयार नव्हते. वास्तविक वनहक्क कायद्याच्या व्याख्येत बांबूचे नाव स्वच्छ लिहिलेले आहे. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. कायदा २००६ चा आणि बांबूचा परवाना २०११ मध्ये, तोही मंत्र्यांना गावात यावे लागले तेव्हा. इतर गावांना किती वेळ लागला असेल याचा अंदाज मुले करू शकतील.

ओडिशातील नियमगिरीचा प्रसंग आपल्या जिल्ह्यातील मुलांना तर विशेष जवळचा वाटेल. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवरचा तांबडा दगड त्यांनी पाहिलेला असतो, त्यातून बॉक्साइट काढून नेणारे ट्रकही पाहिलेले असतात. नियमगिरीच्या माथ्यावर तेच बॉक्साइट आहे. तिथे राहणारे डोंगरिया कोंध तो डोंगर आपला देव नियमराजा याचा मानतात. खाणीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने सांगितले की, या डोंगरावरील धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न तिथल्या ग्रामसभांपुढे ठेवावा. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये बारा गावांत न्यायाधीशांच्या उपस्थितीत सभा झाल्या. बाराच्या बारा गावांनी खाण नाकारली. ग्रामसभा म्हणजे १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर सह्या करून उरकायचा कार्यक्रम, असा ज्यांचा समज आहे, त्यांत मोठी माणसेही आली, त्यांना हे वाचून तिची किंमत कळेल.

एवढे झाल्यावर मुले विचारतील की आपल्या जिल्ह्यात असे कोणी आहे का, आणि इथे उत्तर जरा सावधपणे द्यावे लागते. कोल्हापूर जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही आणि आदिवासींची संख्याही थोडी आहे. पण राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगड, चंदगडच्या डोंगरांवर गवळी धनगरांचे वाडे आहेत. पाच-दहा घरे, म्हशींचे गोठे, थोडी नाचणी, पावसाळ्यात शेवाळून निसरडी होणारी पायवाट, आणि आजारी माणसाला खाली आणायचे तर झोळी करून खांद्यावर आणावे लागते. ही मंडळी अनुसूचित जमातीत मोडत नाहीत. त्या मागणीचा वाद हा स्वतंत्र विषय आहे आणि मी त्यात शिरत नाही. वनहक्क कायद्यात ते 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून येतात, आणि अशा लोकांसाठी कायद्याने जास्तीची अट घातली आहे: २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, आपले वास्तव्य आणि उपजीविका जंगलात होती हे दाखवायला हवे.

७५ वर्षे मागे गेले की १९३० येते. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते १ मार्च १९४९ रोजी. याचा अर्थ, या माणसांचा पुरावा इंग्रजी मुलखाच्या दप्तरात नसून करवीर दरबारच्या दप्तरात आहे, आणि जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. ज्या आजोबांना देवनागरीही वाचता येत नाही त्यांनी चराईच्या पट्टीची १९३० पूर्वीची मोडी नोंद शोधून आणावी, अशी अपेक्षा त्यांच्याकडून करणे म्हणजे १९२७ च्या कायद्यातल्या त्या तीन महिन्यांच्या जाहीरनाम्याचाच नवा अवतार होय. कायद्यात वडीलधाऱ्यांच्या जबाबाला जागा आहे, ती याचसाठी. पण समितीपुढे कागद असला की काम सोपे होते, हेही खरे.

चांदोलीचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९८५ मध्ये अभयारण्य, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, असे होत होत वारणेच्या खोऱ्यातील गावे उठली आणि माणसे कोल्हापूर-सांगलीच्या वसाहतींमध्ये आली. पर्यायी जमिनीसाठी त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर दिलेले ठिय्ये कोल्हापूरकरांनी जाता-येता पाहिले आहेत. हे बहुतेक शेतकरी, आदिवासी नव्हेत, आणि त्यांची मागणीही परत जाण्याची नसून कबूल केलेली जमीन देण्याची आहे. दोन्ही प्रश्न एकच आहेत असे मुलांना सांगू नये. मात्र पुनर्वसन न करता उठवलेल्यांना पर्यायी जमिनीचा हक्क वनहक्क कायद्यातही नमूद आहे, आणि आता कोणत्याही व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातून गाव हलवायचे तर ग्रामसभेची संमती लेखी घ्यावी लागते, हे सांगायला हरकत नाही.

वाघ महत्त्वाचा की माणूस, असा निबंधाचा विषय शाळांतून दिला जातो. तो विषयच चुकीचा मांडला आहे, असे माझे मत आहे. जंगल राखायचे तर माणूस बाहेर काढला पाहिजे, हे गृहीत धरूनच तो दिलेला असतो. मेंढा (लेखा) गावच्या लोकांनी आपले नियम करून जंगल राखले आहे. आपल्या सह्याद्रीतल्या देवराया कोणत्याही खात्याने राखलेल्या नाहीत. दुसऱ्या बाजूने, हक्क मिळाला म्हणजे प्रत्येक गाव जंगल राखीलच असेही नाही. २००५ च्या मुदतीचा गैरफायदा घेऊन नव्याने झाडे तोडून केलेले दावेही झाले आहेत, आणि तेही मुलांपासून लपवू नयेत.

संपादक महाशय, आपल्या विद्यार्थी पानासाठी माझी विनंती अशी की, येत्या वर्षी ९ ऑगस्टला वारली चित्राच्या शेजारी वनहक्क दाव्याचा कोरा नमुना छापावा आणि तो, जोडायच्या पुराव्यासह, मुलांना भरून पाहू द्यावा: तीन पिढ्यांची नावे, शेताच्या चारी दिशांच्या खुणा, साक्ष देऊ शकतील अशी वडीलधारी माणसे. भोळे, मागास, जंगलचे राजे असली विशेषणे त्या पानावरून कायमची काढून टाकावीत. आणि मोठ्यांच्या पानांवर एक मागणी लावून धरावी. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळातील दप्तर आहे, शिवाजी विद्यापीठात आणि शहरात इतरत्र मोडी शिकलेली तरुण मुले आहेत. धनगरवाड्यांशी संबंधित चराई, जंगल आणि शेतसाऱ्याच्या नोंदींची तालुकावार सूची या मुलांच्या मदतीने तयार करून घेऊन ती ग्रामसभांना विनामूल्य द्यावी, असा निर्णय जिल्हा प्रशासनाने घ्यावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, फार पैसाही लागत नाही. वाड्यांवर जाऊन वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घेण्याचे काम महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांकडे देता येईल. दर हिवाळ्यात ही शिबिरे भरतात आणि काम काय काढावे या विवंचनेत प्राध्यापक असतात. मात्र ते लवकर व्हायला हवे, कारण १९३० च्या आसपासचे आपल्या आईबापांकडून ऐकलेली माणसे आता वाड्यांवर फार उरलेली नाहीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर